साथीला बसणं

फ्रेडी ग्रीन नावाचा एक गिटारवादक अमेरिकेत होऊन गेला. 1937 साली तो काउंट बेसी यांच्या जॅझ बँडमध्ये आला आणि मधला अगदी थोडा काळ सोडला तर 1987 साली मरेपर्यंत तिथंच राहिला. बेसी स्वतः 1984 साली वारले, तरी हा आपल्या खुर्चीवर होताच. या पन्नास वर्षांत त्यानं एकट्यानं पुढं येऊन जे वाजवलं असेल ते बोटांवर मोजण्याइतकं. बाकी सगळं आयुष्य एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. दर मात्रेला एक स्ट्रोक. तोही ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनच्या गराड्यात बसून, विजेवर न चालणाऱ्या साध्या गिटारीवर. समोरच्या बहुतेकांना ती गिटार वेगळी अशी ऐकूही येत नसणार.

जॅझ वाजवणारे लोक त्याचं नाव काढलं की कान पकडतात. पण आपण काय म्हणायचं? अर्धं शतक दुसऱ्यांच्या मागं बसून राहिला, हा त्याचा मोठेपणा की त्याचं नुकसान?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. आमचा बेळगावात तिघांचा एक छोटा ग्रुप आहे. कॅम्पात राहणारे एक निवृत्त अंकल गिटार वाजवतात. ते मूळचे गोव्याचे. घरात कोकणी, रस्त्यावर मराठी आणि चूक दाखवायची झाली की इंग्रजी. इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा बेस गिटारवर असतो. आणि मी युकुलेले वाजवते. नातवंडं सांभाळायच्या वयात हे काय, असं म्हणणारे म्हणतात. सांभाळतेच की मी नातवंडं, वेळ उरतो त्यात वाजवते.

युकुलेले म्हणजे चार तारांची एवढीशी गिटार. हवाई बेटांची म्हणून ती ओळखली जाते, पण तिचं माहेर पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर. 1879 च्या ऑगस्टमध्ये रेवन्सक्रॅग नावाच्या जहाजातून मदेइराचे मजूर उसाच्या मळ्यांत कामाला होनोलुलूला उतरले. त्यांच्याबरोबर मशेत नावाचं चार तारांचं वाद्य होतं, आणि त्याच जहाजातल्या सुतारकाम येणाऱ्या माणसांनी तिथल्या लाकडात जी वाद्यं घडवली त्यातून युकुलेले झाली. माझ्या सासूबाईंनी मात्र ही सगळी कथा ऐकून घेऊन एकच विचारलं होतं, "तारा कशाच्या?" पूर्वी त्या मेंढीच्या आतड्याच्या असत, आता नायलॉनच्या असतात, हे सांगितल्यावरच ते वाद्य आमच्या घरात राहिलं. देव्हाऱ्याच्या खोलीपासून लांब, पण राहिलं.

तर प्रश्न. आमच्या महिला मंडळात आम्ही तिघांनी एकदा चार गाणी वाजवली. टाळ्या झाल्या, चिवडा-लाडू झाले आणि नात्यातल्या एक अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "छान झालं गं. पण तुझं कधी येतंय म्हणून मी वाटच बघत बसले. ते अंकल वाजवालेत, तो पोरगा बी मधे एकदा वाजवला, तू आपली टुकटुक टुकटुक. तुझं काही ऐकूच येईना की!" मी हसले. त्या हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आम्ही तर जन्मभर हेच की केलोय. तू तरी जरा पुढं होऊन वाजव."

आता अक्कांना मी काय सांगणार होते? जॅझमध्ये पाळी असते. एक गाणं असतं, बहुधा 32 बारचं, त्याच्या कॉर्ड्स ठरलेल्या. आधी सगळे मिळून चाल वाजवतात. मग एकजण त्याच कॉर्ड्सवर आपल्या मनानं काहीतरी नवं वाजवतो, बाकीचे त्याला साथ देतात. त्याचं झालं की दुसरा. आपल्या ख्यालात गाणारा गातो आणि तबला-पेटीवाले साथ करतात, मधे गवयाला वाटलं तर त्यांना थोडी जागा मिळते. ती गवयाची मर्जी. छोट्या जॅझ ग्रुपमध्ये पाळी फिरणं हाच नियम आहे. त्या दिवशीही अंकलनी आपलं संपवताना माझ्याकडं बघून भुवई उंचावली होती. मी मान हलवून नको म्हटलं होतं, आणि मग त्या मुलानं घेतली.

मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. अक्का बोलल्यावर मात्र ती मान कुणी हलवली याचा विचार मी करू लागले. वाजवणारीनं की सुनेनं?

आधी साथीची बाजू मांडते, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे, आणि आपल्या बायकांतसुद्धा, फार गैरसमज आहे. साथ म्हणजे कमी काम, कमी बुद्धी, असं. युकुलेलेवर जॅझ वाजवायला बसा म्हणजे कळेल. जॅझच्या कॉर्ड्स भरलेल्या असतात. 'सी नाइन्थ' ही अगदी रोजची कॉर्ड घ्या. तिच्यात पाच सूर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, ग, प, कोमल नी आणि वरचा रे. युकुलेलेला तारा चार. एक सूर सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. कुठला सोडायचा? मी पहिल्यांदा ही कॉर्ड शिकले तेव्हा बोटं ठेवून एकेक तार छेडून पाहिली: प, रे, ग, कोमल नी. सा नाहीच! 'सी' नावाच्या कॉर्डमधून 'सी'च गायब. तानपुऱ्यात षड्ज अखंड वाजत असतो अशा संगीतात वाढलेली मी. मला ते घर सोडून घरमालकानं निघून जावं तसं वाटलं. पण गंमत अशी की ऐकताना सा कमी पडत नाही. तो बेसवाला मुलगा खाली वाजवत असतो, आणि त्यानं नाही वाजवला तरी बाकीच्या चार सुरांवरून कान तो ओळखतो. उलट मी हट्टानं सा ठेवला आणि रे सोडला, तर कॉर्डचा रंगच जातो. ज्याच्या नावानं सगळं चाललंय तो गेला तर चालतो. जो नावातही नाही असा कोपऱ्यातला सूर गेला तर सगळं फिकं.

हे ठरवायला पाचही सूर माहीत असावे लागतात. ज्याला चारच येतात तो काही सोडत नसतो, त्याच्याकडे तेवढंच असतं.

फ्रेडी ग्रीन यात फार पुढं गेला होता. गिटारीला सहा तारा. बारकाईनं ऐकणाऱ्यांनी शोधून काढलं की तो हातात कॉर्ड पूर्ण धरायचा, पण बोटं अशी हलकी ठेवायचा की बहुतेक वेळा त्यातला एखाद-दुसराच सूर खणखणीत वाजे, बाकीच्या तारा दबून नुसता 'छक' असा आवाज करत. म्हणजे पन्नास वर्षं त्या माणसानं एका मात्रेला जवळजवळ एक सूर वाजवला. नेमका तोच. पण अख्खा बँड त्या एका सुरावर पाय ठेवून चालायचा.

साथीची किंमत पुढं बसणाऱ्याला बरोबर कळते. जँगो राइनहार्टची गोष्ट यासाठी मला फार आवडते. हा रोमा, म्हणजे भटक्या जमातीतला मुलगा. 1928 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याचा डावा हात भाजला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जवळजवळ निकामी झालं. उरलेल्या दोन बोटांनी तो असा वाजवायला लागला की युरोपात त्याच्या तोडीचा जॅझ गिटारवाला झाला नाही. 1934 साली पॅरिसमध्ये त्यानं आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी मिळून पाच जणांचा ग्रुप काढला. त्यात ढोल नाहीत, पियानो नाही, तोंडानं फुंकायचं एकही वाद्य नाही. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक मोठा बेस. तीन गिटारी कशाला? आधी दोनच होत्या म्हणे. पण जँगोच्या लक्षात आलं की ग्रापेली वाजवतात तेव्हा त्यांच्या मागं दोन गिटारी असतात, एक त्याची स्वतःची. आणि तो वाजवायला लागला की मागं उरते एकच. त्यानं तक्रार केली आणि त्याच्या धाकट्या भावाला, जोसेफला, तिसरी गिटार देऊन बसवलं.

मी ही गोष्ट महिला मंडळात सांगितली तर कितीजणी हसतील ते मला माहीत आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाला आपल्या मागं किती गिटारी आहेत याचा हिशेब नेहमी पाठ असतो. पण या गोष्टीतली दुसरी बाजू सोडू नये. ग्रापेली वाजवायचे तेव्हा तो जगप्रसिद्ध जँगो साथीला बसायचा, आणि त्याची साथ ऐकायला लोक आजही त्या जुन्या तबकड्या शोधतात. जोसेफचं मात्र वेगळं. तो त्या ग्रुपमध्ये बहुतेक साथच करत राहिला. पाळी जँगोची आणि ग्रापेलींची फिरायची, जोसेफच्या दारावरून ती पुढं जायची. एकाच ग्रुपात दोन भाऊ साथ करताहेत. एक मधूनमधून, एक कायमचा. दोघांच्या हातातला ठेका तोच. दोघांच्या साथीला मी एकच नाव देऊ का?

इथं मला फ्रेडी ग्रीनकडे परत जावं लागतं. कारण त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती ऐकल्यापासून माझं त्याच्याबद्दलचं साधं कौतुक राहिलं नाही. विजेच्या गिटारी नव्या निघाल्या तेव्हा फ्रेडीनंही एक ॲम्प्लिफायर आणला होता. तो सोलो वाजवायला लागला. पण तो सोलोत गेला की मागचा ठेका ढासळायचा. तेव्हा बँडमधल्याच लोकांनी गुपचूप त्या ॲम्प्लिफायरची काडी केली. आज वायर तुटलेली, उद्या प्लग काढलेला. दरवेळी दुरुस्त करायचा, दरवेळी बिघडायचा. शेवटी त्यानं तो नाद सोडला. बँडमधली जुनी माणसं ही गोष्ट हसत हसत सांगायची.

मला हसू येत नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी बँड वाचवला. खरंही असेल. पण त्या माणसाला काहीतरी म्हणायचं होतं आणि त्याच्या प्रेमाच्या माणसांनीच, प्रेमानंच, त्याची वायर कापली. "तुझ्याशिवाय आमचं कसं होणार?" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! त्यात लाड असतो आणि त्यातच कात्री असते.

आपण दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी उत्तम त्यागावर ऐकतो, नवव्या दिवशी आकिंचन्यावर. काहीही माझं नाही, इथपर्यंत पोचणं. दरवर्षी ऐकते, दरवर्षी पटतं. पण सोडायला ती वस्तू आधी हातात यावी लागते. जे कधी दिलंच नाही, किंवा दिल्याचं दाखवून काढून घेतलं, त्याच्या रिकाम्या जागेला त्याग म्हणून हार घालणं ही चलाखी झाली. ती हार घालणाऱ्याच्या सोयीची. आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना असे हार घातले गेले. पंच्याहत्तरीच्या सत्कारात साडी-चोळी, आणि भाषणात 'त्यागमूर्ती'. त्यांना काय हवं होतं हे कुणी विचारलंय का, हे त्या व्यासपीठावर बसून मनात म्हणत असतील काय कोण जाणे.

तरीपण मी साथीवर सरसकट फुली मारायला तयार नाही. अक्कांशी माझं तिथं जमत नाही. आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं या तिन्हींचा विचार केलेला आहे; पापातही आणि पुण्यातही. आदिपुराणात वज्रजंघ आणि श्रीमती वनात मुनींना आहार देतात तेव्हा वाघ, डुक्कर, वानर आणि मुंगूस असे चार प्राणी तिथं उभे असतात. त्यांच्याकडे द्यायला काही नाही, देण्याचे हातही नाहीत. ते नुसतं बघतात आणि मनापासून आनंदतात. तेवढ्यावर त्यांना भोगभूमीत जन्म मिळतो. मी लहानपणी ही कथा ऐकली तेव्हा मला ते मुंगूस फार आवडलं होतं. आता वाटतं, समोरचा चांगलं काही करतोय आणि आपलं मन त्यात पूर्ण आहे, ही अवस्था खरी असली तर ती कुणापेक्षा कमी नाही. अंकल वाजवायला लागतात, एखादी जागा अशी घेतात की माझा हात आपोआप हलका होतो, त्या वेळी मी मागं नसते. मला तेव्हा पुढं जायचंही नसतं. हे सुख वाजवणाऱ्यालाच कळेल, पण ते आहे. आणि ते सोडून 'पुढं हो, पुढं हो' एवढंच म्हणत राहणं म्हणजे पुढं असण्यालाच तेवढी किंमत आहे हे मान्य करणं.

फक्त त्या प्राण्यांना कुणी 'तुम्ही बघायचंच' म्हणून बांधून ठेवलेलं नव्हतं, एवढं ध्यानात असू द्यावं.

फ्रेडीचं शेवटी कुठल्या खात्यात टाकायचं, मला अजून ठरवता येत नाही. 1950 च्या सुमाराला बेसींना मोठा बँड परवडेना, त्यांनी थोडे लोक घेऊन छोटा ग्रुप केला आणि त्यात फ्रेडीला घेतलं नाही. एके रात्री तो आपणहून गिटार घेऊन आला, जागेवर बसला आणि वाजवू लागला, असं सांगतात. न बोलावता. म्हणजे त्याला ती जागाच हवी होती. 1955 साली त्याच्या स्वतःच्या नावावर 'मिस्टर रिदम' ही तबकडी रेकॉर्ड झाली. अख्खी तबकडी हातात आली, तर त्यातही हा बहुतांशी साथीलाच. शिवाय बेसींच्या बँडनं गाजवलेली 'कॉर्नर पॉकेट' ही रचना त्याची आहे. त्याला सांगायचं होतं ते त्यानं रचून दुसऱ्यांच्या तोंडून वदवलं. वायर कापली गेली हेही खरं, आणि पुढं वायर जोडून मिळाली तेव्हा त्यानं ती वापरली नाही हेही खरं. माणूस जन्मभर एका जागी बसतो त्यात किती आवड, किती सवय आणि किती नाइलाज, हे त्याचं त्याला तरी वेगळं काढता येत असेल का?

नावाची गोष्ट मात्र सोपी आहे, तिथं मी कुणाचं ऐकणार नाही. साथ करणाऱ्याचं नाव घेतलं पाहिजे. अंकल या विषयावर आले की तापतात, आणि त्यांचं बरोबर आहे. गोव्याच्या चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली पोरं मुंबईला गेली, तिथल्या हॉटेलांत त्यांनी जॅझ वाजवला आणि मग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. आपण सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'वर नाचलो, तो सिनेमा 1951 चा. त्या संगीतामागं चिक चॉकलेट होता. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईतला नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवाला. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचे ते भरघोस व्हायोलिनांचे ताफे सेबॅस्टियन डिसोझांनी लिहून काढलेले. यांची नावं निदान शोधली तर सापडतात. त्यांच्या मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या शेकडो जणांची पडद्यावर कधी आलीच नाहीत. आम्हांला वाटायचं जॅझ म्हणजे परदेशातलं काहीतरी. ते तर लहानपणी रेडिओवर रोज कानावर पडत होतं, फक्त नाव कुणी सांगितलं नव्हतं.

मी आता माझ्या वाट्याचे बार घेते. सगळ्या गाण्यांत नाही. माझ्या मनात काही असेल तिथं घेते, नसेल तिथं मान हलवते. पण हलवण्याआधी क्षणभर स्वतःला विचारते. उलटही होतं. एकदा बेसवाल्या मुलानं सलग तीन गाण्यांत आपली पाळी सोडली. अंकलनी चौथ्या गाण्याआधी त्याला विचारलं, "नको आहे, की येत नाही, की लाजतोस?" तो म्हणाला, "येत नाही." मग अंकल त्याच्याबरोबर पाऊण तास बसले, आणि आमचं त्या दिवशीचं वाजवणं तेवढ्यावरच थांबलं. चातुर्मास होता, मला सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी पोचायचं होतं.

सध्या आम्ही लाइल रिट्झ यांची 'हाउ अबाउट युक?' ही 1957 सालची तबकडी ऐकून ऐकून वाजवायचा प्रयत्न करतोय. युकुलेलेवर गंभीरपणे जॅझ वाजवलेल्या सुरुवातीच्या तबकड्यांतली ही एक. ती फारशी खपली नाही. रिट्झ पुढं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत बेस वाजवू लागले आणि कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना त्यांनी तळ दिला. तिकडं हवाईत मात्र तरुण पोरं तीच न खपलेली तबकडी झिजेपर्यंत ऐकून शिकत होती. त्यांचं वाजवणं हलक्या हाताचं आहे, आणि आमची पंचाईत तिथंच होते. माझी युकुलेले अंकलच्या गिटारीपुढं बुडते. पहिल्या दिवशी मी जोरात वाजवून पाहिलं, तर ते युकुलेलेसारखं वाजेना. अंकलनी दोन-तीनदा ऐकलं, गिटारीवरचा हात थांबवला, आणि पुढच्या वेळी माझे बार आले तेव्हा सहा तारांपैकी मधल्या दोनच वाजवल्या.